शाळेच्या सकाळी पोट दुखतं, बस गेली की थांबतं

विभाग: पालकत्व (ठाणे, नवी मुंबई)

घणसोली_स्लो | १३ जुलै, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलासाठी विचारतोय. वय ७, दुसरी, मराठी माध्यम. शाळा सकाळी ७ ची, बस ६.२० ला गेटवर. जूनच्या शेवटापासून शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, मधूनच मळमळ. बस गेली की अर्ध्या तासात पोहे मागतो. शनिवार, रविवार पूर्ण ठणठणीत. आठवड्यातून दोन दिवस तरी घरी राहतोय. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, सोनोग्राफीत 'लहान गाठी' असा उल्लेख आहे, बाकी सगळं ठीक.

घरात दोन तट पडलेत. आजी म्हणते लेकराला खरंच दुखतंय, आजोबा म्हणतात नाटकं. आईवडील दोघंही नोकरीला, संध्याकाळी साडेआठच्या आत दोघांपैकी कोणी घरी नाही. 'वेळ द्या, प्रेम द्या' एवढंच कृपया नको. नेमकं काय करायचं ते सांगा.

थर्मामीटर | १३ जुलै, रात्री ११.२०

आधी आजी-आजोबांचा वाद. दुखणं खरं आहे. भीती किंवा ताण आला की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि एरवी जाणवतही नाहीत अशा पोटातल्या हालचाली मेंदूला वेदना म्हणून पोचतात. म्हणून मळमळ, बेंबीभोवती कळ, कधी घाईची शी. बस गेली की शरीर सैल पडतं आणि भूक लागते. आजोबांचं निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष चुकलाय.

तरी 'मनाचं आहे' असं म्हणण्याआधी काही गोष्टी नसल्याची खात्री हवी. रात्री झोपेतून उठवणारी कळ, उजवीकडे खाली दुखणं, वजन घटणं किंवा उंची अडणं, रेंगाळणारा ताप, शीतून रक्त, हिरवी उलटी, वारंवार तोंड येणं, सांधे दुखणं, लघवीला जळजळ. यातलं एकही असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात शाळकरी मुलांच्या पोटदुखीचा अभ्यास केला होता. त्यांचा ठोकताळा आजही वापरतात: दुखणारी जागा बेंबीपासून जितकी लांब, तितकी शारीरिक कारण सापडण्याची शक्यता जास्त.

सोनोग्राफीतल्या गाठींबद्दल. मुलांच्या पोटात लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) असतातच आणि चांगल्या मशीनवर त्या दिसतात. रुंदीला ८ मिलिमीटरच्या आतल्या ग्रंथी सहसा नेहमीच्याच धरतात. वजन टिकून आहे, ताप नाही, भूक आहे, तर फक्त त्या एका ओळीवरून 'पोटाचा टीबी' घरात आणू नका.

सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट बद्धकोष्ठता. 'रोज होते' असं सांगणाऱ्या मुलांचंही आतडं भरलेलं असू शकतं. शी लेंड्यांसारखी आहे का, कुंथावं लागतं का, चड्डीला डाग लागतात का, हे एकदा डोळ्यांनी पाहा. सकाळी ५.४५ ला उठवून ६.२० ला बाहेर काढलेल्या मुलाला शीला बसायला वेळच नसतो. त्यामुळे वेळ रात्री ठेवा: जेवणानंतर २० ते ३० मिनिटांनी ५ ते १० मिनिटं बसवायचं. कमोड असेल तर पायाखाली स्टूल हवाच, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. आहारातल्या तंतूंचा (फायबर) साधा हिशेब म्हणजे वय अधिक ५, म्हणजे इथे रोज १२ ग्रॅम. एका मध्यम पेरूतून ५ ग्रॅमच्या वर मिळतात.

जंतांचं औषध दर पोटदुखीला देऊ नका. जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो, शाळेतच अल्बेंडाझोलची ४०० मिग्रॅची गोळी मिळते. ती घेतली की झालं. आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं (वेदनाशामक) पातळ औषध रोज सकाळी उपाशीपोटी दिलं जात असेल तर ते आजच बंद करा. त्यानेच पोटात आग पडते.

खडूफळा | १४ जुलै, दुपारी २.१५

प्राथमिकच्या बाजूने लिहिते. मूल 'शाळेला' घाबरत नाही. ते शाळेच्या दिवसातल्या एखाद्या तुकड्याला घाबरतं आणि तो तुकडा बरेचदा दहा-पंधरा मिनिटांचाच असतो: बसमधली मागची सीट, प्रार्थनेची रांग, श्रुतलेखन, डब्याची सुट्टी, मुतारी. तो सापडेपर्यंत बाकी सगळे उपाय म्हणजे हवेतले बाण.

'शाळेत काय झालं?' याला उत्तर 'काही नाही' हेच येतं. सात वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी शब्द नसतात. त्याऐवजी हे करा.

एक, चौदा दिवसांचा तक्ता. रकाने: वार, पोट कधी दुखायला लागलं, किती (० ते ५), शी झाली का, रात्री किती वाजता झोपला, पहिले दोन तास कोणते, गेटवर कोण सोडायला गेलं, डबा किती परत आला, पाण्याची बाटली किती परत आली. वेळापत्रक शेजारी चिकटवा. तक्ता मोठ्यांनी भरायचा, मुलासमोर नाही. रोज सकाळी 'किती दुखतंय सांग' असं विचारून आकडा लिहिलात तर दुखणं वाढेल.

दोन, नकाशा. रविवारी सकाळी कागद घ्या, बसचा चौकोन काढा, ड्रायव्हर आणि मावशी दाखवा आणि कोण कुठे बसतं ते त्याला भरू द्या. मग वर्गाचा. पेन्सिल जिथे अडते किंवा जी सीट तो गाळतो, तिथे थांबा. लगेच प्रश्न नको. 'इथे कोण असतं?' एवढंच.

तीन, पाण्याची बाटली. भरलेली परत येत असेल तर ९० टक्के वेळा प्रश्न मुतारीचा असतो. (हा आकडा मोजून काढलेला नाही, वर्गात दिसतं ते.) कडी लागत नाही, वास येतो, मोठी मुलं दार ढकलतात, भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसता येत नाही, किंवा तासाला बाई सोडत नाहीत. मूल मग पाणी पिणंच सोडतं. पुढे जळजळ, बद्धकोष्ठता आणि थर्मामीटर यांनी वर लिहिलेलं सगळं.

रोखठोक_वर्तकनगर | १४ जुलै, संध्याकाळी ७.४८

एवढा तक्ताबिक्ता कशाला? आमच्या पिढीत दोन फटके दिले की पोट बरं व्हायचं.

मनतरंग | १४ जुलै, रात्री ९.३०

रोखठोकदादा, फटक्याने मूल शाळेत पोचतं हे खरं. पण घाबरलेल्या शरीरावर आणखी एक भीती चढते, आणि पुढे पोटदुखी सांगायचं बंद होऊन ती शाळेत सुरू होते. पोट तेच, पत्ता बदलतो. शाळेपुरतं बोलायचं तर शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. 'वर्गासमोर उभं करून चुका वाचणं' हे दुसऱ्यात बसू शकतं. यावर आणखी वाद घालत नाही, कारण घणसोली यांनी नेमकं विचारलंय.

सकाळचा क्रम. 'दुखतंय का?' हा प्रश्न मोठ्यांनी काढायचाच नाही. त्याने सांगितलं तर एकदाच, शांतपणे: 'दुखतंय ना. कळलं. गरम पाण्याची पिशवी पाच मिनिटं धर, मग बूट.' पिशवीतलं पाणी कोमट, टॉवेलात गुंडाळलेली. पाच मिनिटं म्हणजे पाचच, घड्याळ लावून. कळल्याची पावती द्यायची आणि बेत तसाच ठेवायचा. 'काही होत नाही' म्हटलं की तो दुखणं सिद्ध करायला लागतो. 'खूप दुखतंय का रे सोन्या, डॉक्टरांकडे जाऊया का' म्हटलं की त्याला वाटतं, मोठी माणसंही घाबरलीत, म्हणजे धोका खराच.

दुसरं, खोटं आश्वासन नको. 'मी गेटवरच थांबते' म्हणून ऑफिसला निघून जाऊ नका. एकदा कळलं की पुढचे दोन महिने गेट सुटत नाही. निरोप एका मिनिटाच्या आत, रोज तोच: एक टाळी, एक वाक्य, वळायचं. मागे वळून बघणं आणि खिडकीतून हात करत राहणं हे मोठ्यांच्या समाधानासाठी असतं.

तिसरं, घरी राहिला तर. इथे आजींची मदत लागेल. पूर्ण शाळेच्या वेळेत, म्हणजे साडेबारापर्यंत, टीव्ही नाही, मोबाइल नाही, खाली खेळायला नाही. मऊ भात, ताक, पलंग, पुस्तक, झालेला अभ्यास. आवाज चढवायचा नाही, टोमणे नाहीत, फक्त दिवस कंटाळवाणा हवा. आजी पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालून कार्टून लावून देतात, तेव्हा मेंदूला दोन बक्षिसं एकदम मिळतात: भीती टळली आणि वर मजा झाली. दुसऱ्या दिवशी पोट आधीच्यापेक्षा लवकर दुखतं. त्यात मुलाचा डाव नसतो, शरीर असंच शिकतं.

चौथं, श्वास. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत तोंडाने बाहेर, पाच वेळा. बाहेरचा श्वास लांब हवा, त्याने नाडी उतरते. मुलांना 'गरम वरणभातावर फुंकर घाल, पण शितं उडता कामा नयेत' म्हटलं की बरोबर जमतं. चूक इथे होते की पहिल्यांदा हे सकाळी ६.१५ ला रडताना शिकवलं जातं. तेव्हा काहीच शिरत नाही. आधी दहा-बारा दिवस संध्याकाळी, मूड चांगला असताना, खेळ म्हणून.

पिशवीतली_आजी | १५ जुलै, सकाळी ११.०२

मनतरंग, खोबऱ्यावर राग का? :) पण मुद्दा पटला. एक भर घालते. घरी मूल आजीकडे असतं आणि नियम फोनवरून आईचे येतात, तिथे गाडी अडते. आजीला 'लाड करू नको' असं सांगू नका, तिला काम द्या. रात्रीची शीची वेळ, सव्वासातचं जेवण आणि गोष्ट ही तीन खाती आजीकडे. आजोबांकडे गेट. 'नाटक' हा शब्द मुलासमोर कोणीच वापरायचा नाही, एवढी एकच अट दोघांना.

रात्रपाळी | १५ जुलै, दुपारी ४.४०

झोपेचा हिशेब कोणी केला नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. ५.४५ ला उठायचं तर साडेआठपर्यंत झोप लागलेली हवी. आणि आईवडील घरी येतात साडेआठला! दारात पाऊल पडलं की मूल टुणकन उठतं, साडेदहा वाजतात. सात तासांच्या झोपेवर कुठलंही पोट दुखेल.

उपाय कटू आहे. जेवण आईवडिलांसाठी थांबवायचं नाही. आजीसोबत सव्वासात. साडेसातनंतर टीव्ही-मोबाइल बंद, ट्यूबलाइट बंद, पिवळा दिवा. आईवडील आले की हातपाय धुऊन एकाने दहा-पंधरा मिनिटं अंथरुणाशेजारी. त्यात अभ्यासाची चौकशी नाही, सूचना नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. झोपेची वेळ एकदम दोन तास मागे येत नाही, दर तीन दिवसांनी १५ मिनिटं ओढा. रविवारी उठणं एक तासापेक्षा जास्त उशिरा नको, नाहीतर सोमवारची सकाळ परदेशातून आल्यासारखी जाते.

निळी_छत्री | १५ जुलै, संध्याकाळी ६.१०

चौथीपर्यंतच्या शाळा ९ च्या आधी भरवायच्या नाहीत असा नियम आलाय ना?

सेक्टर_सतरा | १५ जुलै, रात्री ८.२५

आलाय. फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय, पूर्व प्राथमिक ते चौथी, २०२४-२५ पासून सकाळी ९ किंवा नंतर. पण एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांत खोल्या आणि बस दोन्हींचं गणित बसत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सातची घंटा कायम आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी विषय मांडा, पण यंदाच्या पोटदुखीला त्यावर थांबू नका.

मी बसवर लिहितो. तुमच्या लक्षणांत 'मळमळ' आहे, तेव्हा प्रवासाचा त्रास वेगळा काढा. घोडबंदरला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याला थांबत-थांबत चालणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर, आडव्या बाकावर, पावसात काचा बंद करून बसलं की धडधाकट माणसाला ढवळतं. ओळखायची खूण: रविवारी रिक्षा-गाडीतही होतं का? शाळेत पोचल्यावर वीस मिनिटांत जातं का? उपाय: पुढून दुसरी-तिसरी रांग, समोर बघायचं, पुस्तक नाही, आणि नुसतं दूध पिऊन बसमध्ये नाही. निघण्याआधी अर्धा तास अर्धी तूप-पोळी किंवा एक खाकरा. कपभर दूध आल्यावर द्या.

छळ असेल तर तोही बहुतेक मागच्या सीटवरच असतो, कारण मावशी दारापाशी असते. स्कूलबससाठीच्या २०११ च्या महाराष्ट्र नियमांनुसार बसमध्ये महिला मदतनीस आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती लागते. सीट बदलून हवी असेल तर ड्रायव्हरला तोंडी सांगू नका, समितीला दोन ओळींचा अर्ज द्या. तोंडी बदललेली सीट आठवड्यात परत मागे जाते.

घणसोली_स्लो | ३१ जुलै, रात्री १०.४०

तक्ता पूर्ण झाला. बस ठीक दिसतेय, रिक्षात काही होत नाही, नकाशातही तिथे अडला नाही. पण मंगळवार आणि गुरुवार ४ ते ५, बाकी वार १ ते २. या दोन वारी पहिला तास मराठी, श्रुतलेखन. शिवाय बाटली रोज जवळजवळ भरलेली परत. रात्री शीला बसवायला लागल्यापासून सोमवार-बुधवार बरेच शांत झालेत. आता पुढे?

खडूफळा | १ ऑगस्ट, दुपारी ३.००

हा तक्ता फार बोलका आहे. दोन वेगळी कारणं आहेत, दोन्ही एकदम सोडवा.

श्रुतलेखन. वही घेऊन बसा आणि चुकांची वर्गवारी करा. दुसरीत ऱ्हस्व-दीर्घ चुकणं, जोडाक्षर फोडून लिहिणं ('पुस्तक' चं 'पुसतक'), अनुस्वार विसरणं, हे नेहमीचं. त्यावर काही करू नका. लक्ष कशाकडे द्यायचं? भ-म, घ-ध, ब-व अशी सारखी दिसणारी अक्षरं जुलै संपला तरी गडबडतात का, वेलांटी आणि मात्रा चुकीच्या अक्षराला जातात का, शब्दातलं मधलं अक्षर गळतं का, फळ्यावरून उतरवताना बरोबर पण ऐकून लिहिताना चूक असं आहे का, की उलटं. ऐकून लिहिणं बरोबर आणि फळ्यावरून चूक असेल तर आधी डोळे तपासा. फळ्यावरून बरोबर आणि ऐकून चूक असेल तर आधी कान. पावसाळ्यात सर्दीने कानात द्रव साचलेलं मूल 'प' आणि 'ब' मध्ये घोळ घालतं आणि त्याला कोणी 'लक्ष नाही' म्हणतं.

बाईंना भेटताना तक्रार घेऊन जाऊ नका, तक्ता घेऊन जा. मागायच्या गोष्टी चारच: शब्द वीसऐवजी दहा, तेही आदल्या दिवशी घरी सांगितलेले. गुण वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत, वहीत. वह्या अदलाबदल करून शेजाऱ्याने तपासायची पद्धत असेल तर याची वही बाईंनी तपासावी. आणि पहिल्या दहा मिनिटांत एक काम: हजेरीपत्रक कार्यालयात नेणं, खडू आणणं. हात कामात असले की पोटाची आठवण कमी येते. बहुतेक शिक्षिका हे करतात, पन्नास मुलांच्या वर्गातही. न करणाऱ्या भेटल्या तर मुख्याध्यापकांकडे.

घरचा सराव दहा मिनिटं, दिवसाला पाच शब्द, रविवारी नाही. शब्द ऐकवा, त्याला तोंडाने तोडू द्या (क-म-ळ), मग बोटाने रव्याच्या ताटात, मग वहीत. चुकला तर खोडरबर नको, शेजारी बरोबर शब्द. एक सावधगिरी: सराव सोमवारी आणि बुधवारी रात्री ठेवू नका, ती भीतीच अंथरुणात घेऊन जाल.

थर्मामीटर | १ ऑगस्ट, रात्री ९.१५

डोळे-कान तपासणीला +१. अध्ययन अक्षमतेचं औपचारिक मूल्यमापन साधारण आठव्या वर्षानंतर, तिसरीत करतात, कारण त्याआधी अपुरा सराव आणि अक्षमता वेगळी काढणं अवघड. तेव्हा आत्ता घाबरू नका, पण वह्या जपून ठेवा, तारखेसकट. पुढे गरज लागलीच तर शीव आणि नायर रुग्णालयांत त्यासाठी वेगळे विभाग आहेत. दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) ही अक्षमता समाविष्ट आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, पण तिथली गरज वेगळ्या मुलांना असते. फक्त श्रुतलेखन चुकतं म्हणून तिकडे पळू नका.

सेक्टर_सतरा | २ ऑगस्ट, सकाळी ८.३०

मुतारीसाठी: सुट्टीची घंटा होण्याआधी पाच मिनिटं जायची परवानगी मागा. तेव्हा गर्दी नसते, हा सगळा प्रश्न गर्दीचाच असतो. घरी रविवारी भारतीय भांड्यावर बसायचा सराव, ते घरी नसेल तर स्टेशनजवळच्या नातेवाइकांकडे. चड्डीचं बटण काढून इलॅस्टिक. दप्तरात जादा चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी, आणि ती तिथे आहे हे त्याला माहीत हवं. कडी तुटलेली असेल तर फोटो न काढता लेखी कळवा, शाळांना फोटो झोंबतात आणि काम मागे पडतं. पाणी दिवसभरात सव्वा ते दीड लिटर, त्यातलं निम्मं शाळेच्या वेळात जायला हवं.

निळी_छत्री | २ ऑगस्ट, दुपारी १.२०

वर्गात पोट दुखलं की शाळेतून फोन येतो, 'घेऊन जा'. त्याचं काय? आणि महिनाभर गेलेलंच नाही अशा मुलाला हेच चालेल का?

मनतरंग | २ ऑगस्ट, रात्री १०.१०

फोनचा नियम आधी ठरवून घ्या, लेखी. दुखलं तर दहा मिनिटं शिक्षक खोलीत, पाणी, मग वर्गात परत. घरी फोन फक्त ताप (१००.४ फॅरनहाइटच्या वर), उलटी, किंवा सरळ उभं राहता येत नाही अशी कळ असेल तर. एकदा फोनवर घरी आणलं की पुढच्या आठवड्यात तीनदा फोन येतो.

महिनाभर न गेलेल्या मुलाला एकदम पूर्ण दिवस झेपत नाही. त्याला पायऱ्या लागतात. गणवेश घालून गेटपर्यंत जाऊन परत. मग रिकाम्या वर्गात दहा मिनिटं, शाळा सुटल्यावर. मग मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास. मग पूर्ण. प्रत्येक पायरी दोन-तीन दिवस, भीती निम्म्यावर आली की पुढची. लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक: रडायला लागल्यावर बाहेर काढतात. ठरलेली वेळ संपल्यावरच बाहेर, मग ती दहा मिनिटांची का असेना. दुसरी: सोमवारी सुरुवात करतात. बुधवारी करा, तीन दिवसांत शनिवार दिसतो. घणसोली यांच्या भाच्याला याची गरज नाही, तो तीन दिवस जातोच आहे. त्याला पूर्ण दिवसच ठेवा.

आता गंभीर खुणा, कारण धागा वाचणारे इतरही आहेत. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, एका विशिष्ट मोठ्या माणसाचं नाव निघालं की गप्प होणं, कपडे बदलू न देणं, 'मी नसलो तर बरं' असं बोलणं. इथे तक्ता, पायऱ्या, सगळं बाजूला. मुलाने काही सांगितलं तर 'नक्की ना?' न विचारता ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, उलटतपासणी करायची नाही. चाइल्डलाइन १०९८. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याने (२०१२) कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही. शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ चा शासन निर्णय आहे. पण समितीची बैठक व्हायची वाट बघून पोलिसांकडे जायचं थांबवू नका.

त्याहून सौम्य पण तीन-चार आठवडे न हलणाऱ्या त्रासाला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाने लोक बिचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि गेलेला प्रत्येक जण दाखल होत नाही. खासगी समुपदेशक गाठताना चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्यांकडे जाऊ नका.

रोखठोक_वर्तकनगर | ३ ऑगस्ट, सकाळी ९.०५

ते 'शाळाच बदला' म्हणणारे नातेवाईक असतात, त्यांना काय सांगायचं? (विचारतोय, वाद घालत नाही.)

खडूफळा | ३ ऑगस्ट, दुपारी २.४०

सांगायचं की श्रुतलेखन सगळ्या शाळांत असतं आणि मुतारीही. :) नवीन शाळेत भीती तीच राहते आणि ओळखीचा एकमेव मित्र जातो. शाळा बदलण्याची कारणं वेगळी असतात: मारहाण, छळाकडे दुर्लक्ष, किंवा लेखी दिल्यावरही महिनाभर कोणीच न हलणं.

घणसोली_स्लो | २९ ऑगस्ट, रात्री ९.५५

दहा शब्द आणि हजेरीपत्रक बाईंनी लगेच मान्य केलं, मुतारीला पाच मिनिटं आधी सोडतात. कान तपासले, उजव्या कानात द्रव होता, औषध चालू आहे. मंगळवार-गुरुवार आता २. शेवटचा प्रश्न: गणपतीच्या सुट्टीनंतर परत सुरू होईल का?

मनतरंग | २९ ऑगस्ट, रात्री १०.३०

होईल, दोन-तीन दिवस. धरून चाला आणि घरात आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'परत पहिल्यापासून' असं कोणी म्हणणार नाही. गावाला जाणार असाल तर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रात्री उशिरा उतरू नका, दोन दिवस आधी या. त्या दोन दिवसांत झोप आणि शीची वेळ जागेवर आणा, संध्याकाळी दप्तर त्याच्याकडून भरून घ्या. मोदकांनंतर पोट तसंही जड असतं, तेव्हा पहिल्या सकाळी दुखलं तर आधी बद्धकोष्ठता बघा, मग भीती. आणि पहिल्या दिवशी गुरुवार येत असेल तर बाईंना आदल्या दिवशी एक निरोप पाठवा, त्या दिवशी श्रुतलेखन पाच शब्दांचं घ्या म्हणून.